टाचेचं ओझं

नंबरकाकांना माणसांच्या पायांची किळस होती, आणि उभा जन्म त्यांनी माणसांच्या पायांपाशी गुडघे टेकून काढला होता. ही भूमिका त्यांच्या वाट्याला कोणी आणि कुठल्या रागाने दिली कोण जाणे, पण एकही प्रयोग न चुकवता त्यांनी ती निभावली.

बाजारपेठेतल्या एका जुन्या बुटांच्या दुकानात ते मापं घेत. गिऱ्हाईक दारातून आत येतं न येतं तोच "आठ, पण रुंद" किंवा "पाच, डावा जरा मोठा" असं पुटपुटत, आणि ते तंतोतंत बरोबर निघे. म्हणून नंबरकाका. मालक चारचौघांत त्यांची पाठ थोपटे, गिऱ्हाइकं तोंडात बोट घालत. "काका, नुसतं बघून कसं हो कळतं?" असं कोणी विचारलं की काका म्हणत, "सवय." खरं कारण त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. नुसतं बघून कळलं की हात लावावा लागत नाही. एवढ्यासाठीच त्यांनी ही विद्या कमावली होती.

बूट निघाल्यावर माणूस कसा दिसतो हे काकांनी जितकं पाहिलं तितकं कोणी पाहिलं नसेल. वर सगळा थाटमाट. कडक इस्त्रीचा शर्ट, सुगंधी रुमाल, बोलण्यात साखर. आणि खाली बोटांच्या बेचक्यात काळी मळकट लोकर, सुकलेल्या चिखलासारख्या भेगा पडलेल्या टाचा, पिवळी होऊन शिंगासारखी वळलेली नखं. शिवाय तो वास. आधी विंगेतून हळूच डोकावायचा आणि मग अख्खा रंगमंच अडवून बसायचा. काउंटरखाली मोज्यांचा एक डबा असे, उघड्या पायांनी आलेल्या गिऱ्हाइकांनी बूट घालून बघावेत म्हणून. तोच मोजा एका पायातून निघे आणि दुसऱ्या पायात जाई. आठवड्याला धुतला जातो असं मालक सांगे. कुठल्या आठवड्याला, ते सांगत नसे.

काका तो मोजा चिमटीत धरत, मान एका बाजूला वळवून. टाच सरकवायला लोखंडी पट्टी होतीच. बाकी काम तोंडाने. "अंगठा सरळ पुढे करा. ढकला. आता टाच आपटा." दिवसभर हेच. घरी गेल्यावर कोणाशी एक शब्द न बोलता ते थेट न्हाणीघरात शिरत आणि कोपरापर्यंत हात घासत. त्यांचा साबण वेगळा होता. त्यावर घरात कधी चर्चा झाली नाही. नवराबायकोच्या संसारात काही विषयांवर पडदा असतो आणि दोघंही तो असाच राहू देतात, तसा हा.

काकू, म्हणजे त्यांची बायको, छापखान्याच्या बांधणी खात्यात होती. हात चपळ, जीभ त्याहून चपळ. चालायची तर अशी भराभर की काकांना मागून "अगं, जरा थांब" म्हणावं लागे. तिचं पोटाचं ऑपरेशन झालं, जखम चिघळली आणि ती अंथरुणाला खिळली. किती दिवस गेले याचा दोघांनीही नाद सोडला. जखम एकदाची भरली तेव्हा पोटऱ्या पार उतरल्या होत्या. पहिल्यांदा उठून उभी राहिली आणि पलंग आणि कपाट यांच्या फटीत कोसळली. हाड वाचलं, पण भीती आत शिरून बसली. त्यानंतर ती भिंत धरल्याशिवाय पाऊल उचलेना, आणि उंबऱ्याबाहेर तर नाहीच.

डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. "जखमेचं माझं काम संपलं. आता त्यांनी पाय वापरले नाहीत तर पाय गेलेच म्हणून समजा. असंच पडून राहिल्या तर पुढे इच्छा झाली तरी उठता येणार नाही."

काकांनी समजावलं, रागावले, हातापाया पडायचंही बाकी ठेवलं नाही. काकू म्हणायची, "उद्या बघू." तो उद्या काही उजाडेना.

न्हाणीघराला ओल धरली होती म्हणून रंगाच्या दुकानातून एक बाई नमुन्याचे पुठ्ठे घेऊन आली. चांगली धिप्पाड, आवाज खणखणीत. काकू भिंतीला हात लावत पलंगाकडून दाराकडे निघाली होती. बाई पुठ्ठे काखेत मारून बघत उभी राहिली.

"काकू, ती भिंत पडणार आहे का? इतकी घट्ट धरलीत म्हणून विचारलं."

"भिंत नाही, मी पडणार आहे."

"पडायची धास्ती कोणाला असते सांगू? एका पायावर उभं राहता येत नाही त्याला. रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, मी एक वर्ग घेते. त्या टायरवाल्याच्या वरच्या हॉलमध्ये. सगळे तुमच्या वयाचे. तायक्वांदो."

"ते लाथा मारतात ते?"

"किक म्हणायचं, काकू."

"लाथच ती. कोणाला मारायची?"

"ते तुमचं तुम्ही ठरवा."

काकूने नवऱ्याकडे पाहिलं आणि ती हसली. किती महिन्यांनी. पोटाला हात लावून, टाक्यांची जागा दुखू नये अशा बेताने, पण हसली.

"एक अट आहे," ती बाई म्हणाली. "आजारातून उठलेल्या माणसाला मी एकटं घेत नाही. जोडीला घरचं कोणीतरी हवं. रोज. ते आलं नाही तर तुमचीही सुट्टी."

"हे येतील," काकू म्हणाली. "अहो, याल ना?"

"येईन की," काका त्या हसण्याच्या भरात बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी हॉलचं दार उघडलं आणि काकांना आपण काय कबूल करून बसलो ते कळलं.

दाराशीच बूटचपलांचा ढीग. पुढे एकमेकांत अडकवलेल्या रबरी चटया, निळी, लाल, निळी, लाल, आणि त्यांच्या सांध्यांमध्ये केस, खडे आणि काळपट मळाची नीट भरलेली रेघ. चटयांवर ओल्या पावलांचे ठसे उमटत होते, सुकत होते, त्यांवर दुसरे उमटत होते. खालून टायरच्या रबराचा वास, वरून घामाचा. किक मारायची पॅडं भिंतीला टांगली होती. ती कधीकाळी पांढरी असावीत. आता त्यांच्यावर इतक्या तळव्यांचा लेप बसला होता की हाताला चिकटतील असं नुसतं बघूनच वाटे. आणि सगळे अनवाणी. दुकानात निदान एका वेळी एकच गिऱ्हाईक बूट काढतं. इथे जन्मभरात चुकवलेले सगळे पाय एकदम भेटीला आले होते.

"बूट काढा, काका," कोचबाई म्हणाल्या. रंगाच्या दुकानातल्या त्या बाईला इथे सगळे कोचबाई म्हणत.

"मोजे राहू देत?"

"मोज्याने घसराल. काढा."

काकांनी तळवा टेकवला. चटई कोमट होती. कोणाच्या तरी पायाने कोमट. पण शेजारी काकू त्यांचा दंड धरून उभी होती आणि घराबाहेर होती, स्वतःच्या पायांवर. काकांनी तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली.

वर्गात एक निवृत्त ट्रकड्रायव्हर होते. सगळ्यांची थट्टा करायची हे काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं. त्यांनी काकांना लगेच हेरलं. "या नंबरशेठ. माझा नंबर सांगा बघू."

"दहा," काका म्हणाले. "आणि पाय धुवा."

"धुतले होते. मागच्या दिवाळीला," ड्रायव्हर म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर हॉलभर हसले.

कोचबाई पहिली किक शिकवत होत्या. समोरची. "पाय उचलून फेकायचा नाही. आधी गुडघा वर, कमरेइतका. मग गुडघ्यातून पाय उलगडायचा. बोटं आपल्याकडे ओढलेली, मारायचं ते चवड्याने, बोटांमागच्या ह्या गादीने. आणि लागलीच गुडघा परत घ्यायचा, तेव्हाच पाय खाली. पाय धपकन पडला तर किक झालीच नाही, नुसती लाथ झाली."

मग जोडीचं काम आलं. एकाने किक उलगडून पाय हवेत ठेवायचा आणि दुसऱ्याने समोर उभं राहून त्याची टाच तळहातावर तोलून धरायची. नवख्या माणसाला एका पायावर तग धरता यावा म्हणून कोचबाईंची ही रीत होती.

काकांनी खिशातून रुमाल काढला, चार पदरी घडी केली आणि तळहातावर पसरला.

"रुमाल खिशात," कोचबाई म्हणाल्या.

"तसं नाही, जरा हाताला घाम..."

"टाच जड व्हायला लागली की समजायचं, उभ्या पायातला दम संपत आलाय आणि माणूस आता जाणार. ते ओझं हाताच्या कातडीला आधी कळतं. रुमालातून कळत नाही. उघडी टाच, उघडा हात."

काकूने गुडघा उचलला, थरथरत पाय उलगडला. टाच काकांच्या तळहातावर आली.

खोटं कशाला सांगायचं, तो पाय वाईट झाला होता. कातडी कांद्याच्या सालीसारखी सुटत होती, घोट्यावर सूज, अंगठ्याचं नख जाड आणि तपकिरी. औषधांचा एक कडवट, दमट वास होता त्याला. बोटांच्या टोकांनी धरली काकांनी ती टाच, तापलेलं भांडं उचलावं तशी. चेहरा त्यांनी कोरा ठेवला होता. निदान त्यांना तसं वाटलं. पण जो माणूस जन्मभर मान वळवून काम करत आला, त्याची मान आपोआप वळली.

काकूने ते पाहिलं. त्याच क्षणी टाच बोटांतून निसटली, काकू डुगडुगली, आणि कोचबाईंनी मागून सावरलं.

"हात पूर्ण लावा, काका. चावत नाही पाय."

घराच्या दारात पोचल्यावर काकू म्हणाली, "उद्या जायचं ना?"

"जायचं तर," काका म्हणाले.

त्यांनी एक तोडगा काढला होता. सराव घरी जास्त करायचा, म्हणजे वर्गात धरायचं काम कमी पडेल, आणि घरी मोजे घालायचे. "फरशी थंड असते," ते म्हणाले. काकूने त्यांच्याकडे क्षणभर बघितलं आणि म्हणाली, "बरं." तिने जाड लोकरी मोजे चढवले. पलंगाच्या कठड्याला तिचा एक हात, आणि समोर काका, मोज्यातली टाच तळहातावर झेलत. लोकरीची त्यांना काही अडचण नव्हती.

आणि पाय सुधारला. वाढीव सांगत नाही, खरंच सुधारला. गुडघा आधी मांडीच्या निम्म्यात अडकायचा, तो कमरेशी येऊ लागला. कठड्यावरचा हात सुटून नुसती दोन बोटं टेकलेली राहू लागली. काकू जिना उतरून हॉलपर्यंत चालत जाऊ लागली, काकांच्या खांद्याला हात लावून. एकदा वाटेत म्हणाली, "अहो, जरा भराभर चला की." काकांना रस्त्यातच बसकण मारावीशी वाटली, इतकं बरं वाटलं.

पण मोज्याच्या आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, आणि काकांच्या तोंडात कुठले शब्द बसले होते ते त्यांना स्वतःलाही ऐकू येत नव्हतं. समोर मोज्यातला पाय आला, आपण समोर वाकून बसलो, की त्यांच्या तोंडून आपसूक निघे, "अंगठा सरळ पुढे कर. ढकल." प्रॉम्प्टरने नको त्या नाटकाची वही उघडून वाचावी तसं. काकू ऐके आणि मोज्याच्या आत पाची बोटं ताठ सरळ करे. बुटात पाय घालताना ते अगदी बरोबर. किक मारताना त्याहून चुकीचं काही नाही.

काही आठवड्यांनी कोचबाईंनी पॅड हातात घेतलं. "आज खरी मारायची. काकू, या. जोरात. त्या दिवशी ठरवलंत ना कोणाला मारायची, त्याचा चेहरा समोर आणा."

"समोरच उभे आहेत," काकू म्हणाली. वर्ग हसला, काकाही हसले. तिने गुडघा उचलला, सुंदर उचलला, आणि सगळी ताकद लावून पाय सोडला.

चवडा लागलाच नाही. ताठ धरलेला अंगठा पॅडवर सरळ आदळला. एक छोटा, ओला आवाज झाला. काकू खाली बसली. अंगठ्याचं नख मुळातून उचकटलं होतं आणि निळ्या चटईवर रक्त पसरत होतं, तिथल्या मळात, केसांत मिसळत होतं. काकांना ते बघवेना. ते पाण्याकडे पळाले, आणि बादलीपाशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला पाणी आणायचं नव्हतं, आपल्याला फक्त तिथून निघायचं होतं.

"बोटं सरळ कोणी ठेवायला सांगितली?" कोचबाई विचारत होत्या. "पहिल्या दिवसापासून मी ओढा म्हणून ओरडतेय. कोणी शिकवलं हे?"

काकांना सगळं त्या क्षणी कळलं. मोजे, फरशी, अंगठा सरळ पुढे. ते बादली हातात घेऊन उभे राहिले.

"कोणी नाही," काकू म्हणाली. "माझंच चुकलं."

हाड मोडलं नव्हतं. बोट सुजून काळंनिळं झालं. रोज धुऊन, मलम लावून पट्टी बदलायची होती. काकांनी दवाखान्यातल्या सिस्टरला घरी बोलावलं. पट्टी सुटायची तेव्हा ते स्वयंपाकघरात दूध तापतंय का ते बघत उभे राहायचे. दूध गॅसवर नसलं तरी.

आणि काकू परत पलंगावर गेली. उशी भिंतीकडे, तोंड भिंतीकडे. "उद्या बघू" पुन्हा सुरू झालं. कोचबाईंचा फोन आला. "बोट बरं होईल हो, मला त्याची काळजी नाही. काकू परत येणार ना, ते सांगा." काकांनी बघून कळवतो म्हणून फोन ठेवला. डॉक्टरांचं वाक्य त्यांच्या डोक्यात दुकानाच्या घंटीसारखं वाजत होतं. आता बसली तर बसली.

सिस्टर एका दुपारी आली नाही, ड्युटी बदलली म्हणून. पट्टी ओली झाली होती आणि तिला वास येऊ लागला होता. काका दारात उभे राहून म्हणाले, "दुसऱ्या कोणाला बोलावतो."

"कशाला?" काकू भिंतीला म्हणाली.

"पट्टी बदलायला."

"तुम्ही आहात की."

काका दाराची कडी चाचपत राहिले.

"तुम्हाला किळस येते माझ्या पायांची," काकू म्हणाली. रागाने नाही. भाजी आणली का विचारावं तशी. "हॉलमध्ये मान वळवलीत ना, तेव्हा मी बघितली. म्हणून ते मोजे. फरशीचं मला नका सांगू, ती फरशी मी इतकी वर्षं अनवाणी पायांनी तुडवतेय."

काका पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसले. एवढ्या वर्षांत प्रथमच त्यांना वाटलं की पडदा उघडूच दे.

"येते," ते म्हणाले. "तुझ्याच नाही. सगळ्यांच्याच. दुकानात पहिल्या दिवसापासून. पोटात असं वळतं, की जेवण नको होतं. आणि ते अंगठा सरळ पुढे मीच म्हणायचो तुला. दुकानातलं आहे ते. तू कोचबाईंना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? नवऱ्याने बुटाचं गिऱ्हाईक समजून शिकवलं म्हणून? वर्गभर झालं असतं." ती कुशीवर वळली. बऱ्याच दिवसांनी तिचं तोंड खोलीकडे आलं. "आणि किळस येते तर आधी बोलायचं. मला वाटलं, आजारी पडले म्हणून मी नकोशी झाले. भिंतीकडे बघून बघून मी दुसरं काय ठरवणार?"

"तसं नाही गं."

"कळलं आता. मग माझंही ऐका. मला तुमच्या हातांची किळस येते."

काकांनी आपले हात बघितले. इतके घासलेले, इतके स्वच्छ हात साऱ्या गल्लीत नसतील.

"लग्न झाल्यापासून," काकू म्हणाली. "दिवसभर जगाचे मोजे उचलता आणि त्याच हातांनी मला चहाचा कप देता. तुम्ही धुता, मला माहीत आहे. तरी मी तो कप फडक्याने पुसून घेते. तुमची पाठ वळली की."

"रोज?"

"रोज."

काकांच्या घशातून एक विचित्र आवाज आला, आणि तो हसण्याचा आहे हे त्यांना जरा उशिराच कळलं. काकूही हसत होती, एका हाताने पोट दाबून. "टाके," ती म्हणत होती, "अहो, टाके दुखतात, गप्प बसा," आणि पुन्हा हसत होती.

"जा, हात धुऊन या," शेवटी ती म्हणाली. "माझ्यासमोर कोपरापर्यंत. आणि मग पट्टी सोडा."

त्यांनी सोडली. खालचा कापूस चिकटला होता, तो कोमट पाण्याने भिजवून ओढावा लागला. आत पिवळसर ओल, काळं पडलेलं नख एका कोपऱ्याला लोंबत होतं, आणि तो गोडसर, नासका वास थेट नाकात. काकांना घाम फुटला. डोळ्यांतून पाणी आलं.

"ओकायचं असेल तर तिकडे तोंड करा. चादर आजच बदललीय."

"नाही ओकत. शी. हे काय झालंय तुझ्या पायाचं."

"बोला, बोला. मोकळेपणाने बोला."

"घाण दिसतंय. मेलेल्या उंदरासारखं."

"तुमच्या हाताला बुटाच्या पॉलिशचा वास येतोय. तरी मी काही म्हटलं का?"

किळस गेली नाही. कोणी सांगितलं ती जाते म्हणून? ती तिथेच होती. पण आता तिला लपवायचं नव्हतं, आणि अर्धं ओझं त्या लपवण्याचंच असावं, कारण हात आता नेटाने चालू लागले. मलम लावून झाल्यावर काकांनी पाय सोडला नाही. टाच तळहातावर घेतली, सबंध, आणि दुसऱ्या हाताने दुखऱ्या अंगठ्याला धक्का न लावता बाकीची बोटं एकेक करून मागे ओढली.

"ही अशी. तुझ्याकडे. आता तू ओढ."

काकूने ओढली. चवड्याची गादी पुढे आली.

"हे कोचबाईंचं आहे ना? का दुकानातलं?"

"कोचबाईंचं," काका म्हणाले. "दुकान आता बंद."

नख पडलं, खालून मऊ गुलाबी कातडी आली, आणि ती दोघं पुन्हा टायरवाल्याचा जिना चढली. हॉल होता तसाच घाणेरडा होता. चटईच्या सांध्यांतली काळी रेघ उलट जास्तच भरली होती. काकांनी दारातच तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली आणि कोचबाईंना सुनावलं, "ह्या चटया कधी धुता तुम्ही?"

"तुम्ही धुवा की. रविवारी या."

"येतो. पण साबण मी आणणार."

कोचबाईंनी काकूला तिथल्या तिथे दोन किका हवेत मारायला लावल्या. बोटांकडे निरखून बघितलं. मग म्हणाल्या, "आज जोड्या बदला. नेहमीच्या हाताची सवय झाली की पाय आळशी होतो. काकू माझ्यासमोर. काका, तुम्ही ड्रायव्हरदादांची टाच धरा."

काकांनी ड्रायव्हरदादांच्या पायाकडे बघितलं आणि मनातल्या मनात सगळ्या देवांची क्षमा मागितली. दहा नंबर, रुंद. टाचेवर पांढरं, खडबडीत कवच. करंगळीपाशी मोठं कुरूप, त्यावर चिकटवलेली औषधी पट्टी कडेने सुटून काळी पडलेली. ती आत्ताच ओलसर दिसत होती.

"धरा नंबरशेठ," ड्रायव्हर म्हणाले. "गाडी घाटात आहे, ब्रेक तुमच्या हातात."

काकांनी हात पुढे केला. टाच आली, जड, गरम, ओली. त्यांचे ओठ आपोआप आवळले गेले. आणि त्याच वेळी ड्रायव्हरच्या खांद्यावरून त्यांना काकू दिसली.

तिने गुडघा वर घेतला होता, कमरेइतका. पाय उलगडला. बोटं मागे ओढलेली. टाच कोचबाईंच्या तळहातावर टेकली होती आणि काकूचे दोन्ही हात छातीशी, मुठी वळलेले, कशालाही न धरता. मग कोचबाईंनी काही न सांगता आपला हात हळूच खाली घेतला. एक वीत. दोन वीत.

पाय तिथेच राहिला. हवेत, कोणाच्याही हातावर नाही. उभ्या पायाचा गुडघा थरथरला, पोटरी ताठली, पण टाच इंचभरही खाली आली नाही. मग काकूने गुडघा परत घेतला, आपल्याकडे, सावकाश, आणि पाय चटईवर ठेवला. ठेवला, पडू दिला नाही. कोचबाई म्हणाल्या, "परत." काकूने परत केलं. कोचबाई हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या.

काकांनी श्वास कधी नाकाने घ्यायला सुरुवात केली ते त्यांना समजलं नाही.

"अहो नंबरशेठ," ड्रायव्हरचा आवाज आला, जरा कळवळलेला. "पाय सोडताय का माझा? मी काय बगळा आहे, एका पायावर दिवस काढायला?"

काकांनी खाली बघितलं. ड्रायव्हरची ती टाच त्यांनी दोन्ही हातांनी गच्च धरली होती, बोटं, तळवे, सगळं, कवचासकट. त्यांनी ती झटकन सोडली. मागाहून किळस आली, उशीर झालेल्या नटासारखी धापा टाकत, पण आली ती पूर्ण वेशात. अंगावर सर्रकन काटा आला. ते हॉलच्या कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेले, नळ पूर्ण सोडला आणि हात घासू लागले. फेस कोपरापर्यंत चढला.

काकू हॉल ओलांडून त्यांच्याकडे आली. मधे भिंत नव्हती, खांदा नव्हता. ती आपली चालत आली.

"बघितलंत?"

"बघितलं."

"साल निघेल हाताची."

"निघू दे. त्या माणसाची टाच तुला माहीत नाही."

"माझ्या पायाला काहीतरी चिकटलंय बघा," काकू म्हणाली. "तळव्याला. गिळगिळीत लागतंय."

"घरी गेल्यावर बघू. बसून."

"बसायला कशाला हवं?"

तिने गुडघा वर घेतला आणि पाय त्यांच्यासमोर उलगडला, बेसिनला न धरता. तळव्याला ड्रायव्हरदादांची कुरुपाची पट्टी चिकटली होती, ओली, काळी, एका कडेला केस. एका हाताने काकांनी टाच तोलली, दुसऱ्या हाताच्या उघड्या बोटांनी ती पट्टी सोलून काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"शी," ते म्हणाले. "शी, शी, शी. ठेव पाय खाली."

"राहू दे जरा," काकू म्हणाली. "तोवर तुम्ही हात धुऊन घ्या."